दादाच्या हातातला मासा

फोन डगचा होता. डग म्हणजे माझ्या दादाचा ऑफिसातला मित्र आणि बोटीतला जोडीदार. "इट्स युअर ब्रदर," एवढं बोलून तो थांबला… पहाटे बोट पाण्यात उतरवताना दादा धक्क्यावरच कोसळला आणि गेला. कॅनडातल्या लंडनहून गाडी हाकत मी व्हिटबीला दादाच्या घरी पोचले, तोवर वहिनी रडून रडून थकली होती. आणि तिथे मी पहिलं काम काय केलं, तर इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'दादा तळ्याकाठी फिरायला गेला असताना…' हातात मासे पकडायचा रॉड घेऊन गेलेल्या माणसाला मी फिरायला पाठवून दिलं. वहिनीने वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

शेजारी कुणाकडे अंडं उकडलं तरी आई आपल्या खिडक्या लावून घ्यायची, अशा पुण्यातल्या घरात आम्ही वाढलो. त्या घरातला मुलगा इंजिनिअर होऊन कॅनडात आला आणि बास नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मागे वेडा झाला. स्पर्धांत उतरायचा. एका बोटीत दोघे, दिवसभरात मिळालेले सगळ्यांत मोठे पाच मासे जिवंत आणायचे, वजन करायचं आणि परत पाण्यात सोडायचे. दादाने आयुष्यात मासा तोंडात घातला नाही. बोटीतही त्याचा डबा थालीपिठांचाच. पण हे कुणाला पटणार? त्यात बासचा सीझन आणि आईचा चातुर्मास सुरू व्हायचा एकाच सुमाराला. "यंदा काही नेम धरलास का रे?" आई फोनवर विचारायची. "हो, रविवारी पहाटे उठतो," हा म्हणायचा. आई धन्य व्हायची आणि मी शेजारी बसून हसू दाबायची. मंडळाच्या गणपतीची पूजा दरवर्षी दादाच सांगायचा, त्यामुळे तिथेही या विषयावर तोंडाला कुलूप.

एकदा डगचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून जोडीदार म्हणून मी गेले. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. नदी तळ्याला मिळते तिथलं पाणी चहासारखं गढूळ, आणि लांब खडकांकडे असं नितळ की तळाचे गोटे दिसावेत. मी साहजिकच खडकांकडे बोट दाखवलं. "तिथे आपल्याला मासा दिसतो, पण त्यालाही आपण दिसतो," दादा म्हणाला. "गढूळ पाण्यात तो काठच्या गवतात दबा धरून बसतो आणि आवाजावर झडप घालतो. आपण काळं, खुळखुळणारं आमिष अगदी त्याच्या नाकासमोर टाकायचं. आज इथेच." आणि खरंच, तासाभरात दोन चांगले मासे बोटीच्या टाकीत आले. तिसऱ्यासाठी आम्ही काठाला सरकलो तेवढ्यात पार्कातून ओळखीची हाक ऐकू आली, "अहो, कांदाभजी गार होतायत!" आमच्याच मंडळाची पिकनिक. दादाने टोपी भुवयांपर्यंत ओढली. मला म्हणाला, "खाली बघ," आणि बोट वळवून थेट खडकांकडे नेली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. त्या नितळ पाण्यात आम्हाला मासे दिसत राहिले, पण एकही गळाला लागला नाही. आम्ही दोनच मासे घेऊन परतलो आणि ज्या जोडीने नदीचं तोंड सोडलं नाही ती जिंकली. ट्रेलरला बोट बांधताना दादा म्हणाला, "मासा बघून पाणी निवडायचं असतं गं. मी आज माणसं बघून निवडलं." एवढं उतरलेलं तोंड मी त्याचं कधी पाहिलं नव्हतं.

आणि शोकसभेत मी काय केलं? हॉलमध्ये मंडळाची माणसं, समोर लॅपटॉपवर पुण्याहून आई, आणि शेवटच्या रांगेत फिशिंग क्लबच्या जर्सी घातलेले डग आणि त्याचे मित्र. मराठीचा एक शब्द कळत नसताना दोन तास ताठ बसलेले. मी उभी राहिले, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "दादा निसर्गप्रेमी होता. त्याला पाण्याची ओढ होती." मासा हा शब्द मी उच्चारला नाही. बाहेर डगने माझा हात हातात घेतला. "आय हर्ड हिज नेम सो मेनी टाइम्स. यू टोल्ड देम अबाउट द फिशिंग, राइट?" मी म्हणाले, "ऑफ कोर्स." त्याचे डोळे भरून आले. "गुड," तो म्हणाला, "ही वॉज ऑल्वेज स्केअर्ड दे'ड फाइंड आउट." त्या क्षणी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सभेत हार घातलेला दादाचा फोटो सगळ्यांना आवडला. काय प्रसन्न हसू, असं जो तो म्हणत होता. आईने तोच मागवून घेतला. पुण्याच्या घरी तो आता देवघराशेजारी आहे आणि आई रोज त्याला फूल वाहते. तो फोटो छातीपर्यंतच आहे, कारण तो मी कापलाय. दादाचे दोन्ही हात पुढे आहेत आणि त्या हातांत, त्या पिकनिकच्या पुढच्या वर्षी डगबरोबर त्याच नदीच्या तोंडाशी गढूळ पाण्यात मिळालेला, टपोरा बास आहे. दादा त्या माशाकडे बघून हसतोय.

वर्तमानपत्राची ही पुरवणी आई चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. काल वहिनीला विचारलं, अख्खा फोटो छापू का? ती म्हणाली, "छाप. मला तरी घरात अख्खा माणूस हवाय." म्हणून आई, या लेखासोबतचा फोटो मी कापलेला नाही. दादा मासे पकडायचा. फार छान पकडायचा.