डॉर्कसचे खिसे

डॉर्कस फेन्स्टरमेकरने आमच्या गावच्या पाद्र्यांना एकदा नेमबाजीच्या स्पर्धेतून बाद केलं. पिस्तूल घेऊन धावताना त्यांचं बोट चापावर राहिलं, एवढंच. ते म्हणाले, "डॉर्कस, चुकून झालं गं."

"मुद्दाम केलं असतंत तर पोलिसांनाच बोलावलं असतं, पास्टर. पिस्तूल रिकामं करा, मला दाखवा आणि घरी जा."

दुसऱ्या दिवशी रविवार. पाद्र्यांनी क्षमेवर प्रवचन दिलं. डॉर्कसने पहिल्या बाकावर बसून ते शांतपणे ऐकलं आणि जाताना "चांगलं झालं" म्हणून सांगितलं.

आमच्याकडे नेमबाजी शनिवारी असते. सिमेंट कारखान्याच्या जुन्या खाणीत क्लबची जागा आहे. तिथे पुठ्ठ्याची माणसं उभी करतात. स्पर्धक पळत पळत त्यांच्यावर गोळ्या झाडतो. त्याच्या खांद्याशी उभं राहून वेळ मोजायची आणि त्याचे हात पाहायचे, हे डॉर्कसचं काम. जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई. पाठीमागे कोण काय करतंय ते तिला न वळता कळतं. पिस्तुलाची नळी जराशी मागे फिरली की "थांब!" आणि त्या दिवसापुरता तो माणूस बाद. "विसरलो" हे कारण तिच्याकडे चालत नाही. मी तिची शेजारीण. पिस्तुलाला मी हात लावत नाही. पुठ्ठ्यांना पडलेल्या भोकांवर कागदी पट्ट्या चिकटवते. तेवढं माझ्या देवाला चालतं.

डॉर्कसची मुलगी ग्रेचेन लग्न करून नदीपलीकडे, न्यू जर्सीत गेली. जावई तिथल्या कोर्टात नोकरीला. आमचा काठ पेनसिल्वेनियाचा. मध्ये डेलावेअर नदी आणि तिच्यावर पूल. पूल ओलांडला की कायदा बदलतो. मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात ती काडतुसांची डबी, आमच्याकडे कितीही मोठी चालते. पलीकडे दहाच्या वर काडतुसं मावणारी नुसती जवळ असली तरी गुन्हा, मग ती रिकामी का असेना.

म्हणून आमच्या काठावर प्रत्येकाचं पुलाजवळ एक घर ठरलेलं असतं. पलीकडे जायचं झालं की आधी तिथे थांबायचं, गाडीतलं सामान त्यांच्या तळघरातल्या कपाटात कुलूपबंद करायचं, कॉफी प्यायची, मग पूल. डॉर्कसचं घर म्हणजे तिचा भाऊ अर्विन.

ग्रेचेनला मुलगी झाली. बाप्तिस्मा ठरला आणि बाळाला डॉर्कसने धरावं असंही ठरलं. पण ग्रेचेनने फोनवर बजावलं, "आई, त्यातलं काहीही माझ्या काठावर आणायचं नाही. एकदा जरी सापडलं तरी पोरगी तुझ्याकडे राहायला यायची नाही. यांची नोकरी कुठे आहे ते तुला माहीत आहे."

"मी काय पाद्री आहे विसरायला?" डॉर्कस म्हणाली.

बाप्तिस्म्याच्या आदल्या शनिवारी स्पर्धा होती आणि पाऊस. रविवारीही रिपरिप. डॉर्कसची गाडी दुरुस्तीला, म्हणून मी तिला घेऊन निघाले. तिने पुडिंगचं भांडं माझ्या मांडीवर ठेवायला घेतलं, मग मी गाडी चालवतेय हे लक्षात आल्यावर स्वतःच्या मांडीवर घेतलं. अर्विनकडे थांबलो. तिने पर्स टेबलावर उलटी केली. बायबलही झटकलं.

"त्यात काय तोफ ठेवतेस?" अर्विन म्हणाला.

"तू कॉफी ओत."

पूल ओलांडला. चर्चच्या ओट्यावर ती शिंकली, रुमालासाठी रेनकोटच्या खिशात हात घातला आणि तशीच उभी राहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"डेल श्लेगलची मॅगझिन."

आमच्याकडे रीत आहे. धावताना स्पर्धक रिकामी मॅगझिन चिखलात टाकून पुढे जातो. मागून कोणीतरी ती उचलून डॉर्कसच्या हातात देतं, ती खिशात टाकते आणि नंतर ज्याची त्याला देते. शनिवारी पाऊस वाढला, सगळे गाड्यांकडे पळाले, आणि डेलची सतरा काडतुसांची डबी तिच्या खिशात घरी आली. स्वतःचं सगळं तिने अर्विनकडे ठेवलं होतं. दुसऱ्याचं तिच्या हिशेबातच नव्हतं.

"नदीत टाकून दे," मी म्हणाले.

"डेलची आहे. चांगली आहे."

"मग राहू दे खिशात. कोण बघतंय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं बोट चापावर असल्यासारखं वाटलं.

ग्रेचेन बाळाला घेऊन दारात आली. बाळ पांढऱ्या झग्यात, झोपलेलं. डॉर्कसने हात पुढे केले नाहीत.

"माझ्या खिशात आहे," ती म्हणाली.

ग्रेचेन खाणीतल्या त्या क्लबात वाढलेली पोर. "काय आहे?" असं तिने विचारलंच नाही.

"कुणाची?"

"डेलची."

"भरलेली?"

"रिकामी."

"किती मावतात?"

"सतरा."

आत ऑर्गन सुरू झाला. ग्रेचेनने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"पुलाच्या पलीकडे घेऊन जा. आत्ता. बाप्तिस्मा तुझ्यासाठी थांबणार नाही."

"बरोबर आहे," डॉर्कस म्हणाली. पुडिंगचं भांडं ग्रेचेनच्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसली. बाळाला जावयाच्या मावशीने धरलं, असं नंतर कळलं.

परतताना पुलावर मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते. डॉर्कस म्हणाली, "वेग बघ." एवढंच.

अर्विनने दार उघडलं, मॅगझिन पाहिली आणि जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून कॉफी ओतली. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. डॉर्कसने अंगावरचे चांगले कपडे बदलले नाहीत, जेवलीही नाही. डेलला फोन करून त्याची वस्तू मिळाली म्हणून कळवलं. "चुकून आली" असं मात्र ती म्हणाली नाही.

दुपारी बाहेर गाडी थांबली. ग्रेचेन होती. लग्न झाल्यापासून या काठावर ती आलीच नव्हती. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पुडिंगचं भांडं, अर्धं उरलेलं.

"मावशीने सबंध वेळ बाळाचं डोकं लोंबकळत धरलं," ती म्हणाली. "फोटोत बघवत नाही. उठ."

डॉर्कस उठली.

"खिसे."

डॉर्कसने दोन्ही खिसे बाहेर काढून उलटे केले. एक चुरगळलेला रुमाल पडला. ग्रेचेनने तो पायाने बाजूला सारला.

"पुढच्या महिन्यात मला दोन दिवस कामाला जायचंय," ती म्हणाली. "कपाटाची किल्ली अर्विनमामाकडे राहील. तुझ्याकडे नाही."

"चालेल."

"मग हात धू."

डॉर्कस नळाशी गेली आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागली.