दहा ओळी वर, दहा ओळी खाली

साळवेकाकांना बायबलमधलं एखादं वचन विचारलं की ते त्यावर बोट ठेवत आणि दहा ओळी वरून वाचायला लागत. वचन यायचं, जायचं. काका आणखी दहा ओळी खाली जाऊन थांबायचे. "आता इचार," म्हणायचे. कुणी घाई केली तर, "मधीच उतरायला ही काय यष्टी हाय का?"

ते मूळचे नगरचे. चंदीगडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत काच फुंकून उपकरणं बनवत. रविवारी त्यांच्या क्वार्टरमध्ये वीसेक पंजाबी ख्रिस्ती माणसं उपासनेला जमत. पाळक महिन्यातून एकदा येत; एरवी उपासना चालवणारे मंडळीचे वडील, म्हणजे ज्येष्ठ, काकाच. मी एका इंग्रजी दैनिकाचा वार्ताहर होतो, ख्रिस्ती नव्हतो. काकूंच्या हातच्या भाकरीसाठी जात असे.

दहशतवादाची ती वर्षं होती. मंडळीतल्या पतरस नावाच्या ड्रायव्हरचा थोरला भाऊ अमृतसरच्या रस्त्यावर ट्रकवर झालेल्या गोळीबारात मेला. त्याची विधवा दोन मुलींना घेऊन पतरसच्या दारात आली. गावाकडच्या वडीलधाऱ्यांनी रिवाज सांगितला: धाकट्या दिराने विधवेवर चादर टाकायची, की ती त्याची बायको. पतरसची बायको राणी घरात होतीच.

त्या रविवारी पतरसने विचारलं, "अंकलजी, याकूब की भी तो दो थीं. किताब मना कहाँ करती है?"

राणी दाराशी उभी होती. "हाँ जी, बता दो. मैं अपना ट्रंक अभी बाँध लूँ."

काकांनी चष्मा पुसला. "मना नहीं करती," ते म्हणाले. अब्राहाम, याकोब, दावीद, सगळ्यांच्या बायका शास्त्रात लिहिलेल्या आहेत; मुलगा नसलेल्या भावाच्या विधवेशी दिराने लग्न करावं असा नियमही आहे. मी ते वहीत उतरवून घेतलं. मग काका दहा ओळी खाली सरकले. "लिखा है मतलब अच्छा है, ऐसा नहीं. थाने की किताब में चोरी भी लिखी रहती है." अब्राहामाने दुसऱ्या बायकोला, हागारेला, लेकरासकट रानात घालवलं. याकोबाच्या लेआ आणि राहेल, सख्ख्या बहिणी, एका नवऱ्यापायी झुरल्या. आणि सुरुवातीला एक पुरुष, एकच स्त्री होती. येशूने लोकांना त्याचीच आठवण करून दिली. शेवटी ते पतरसकडे वळले. "भाभी को छत दे. चादर मत डाल."

पतरसने मान डोलावली. राणी चहा ठेवायला आत गेली.

मी तेव्हा विधवांवर लेख लिहीत होतो. काकांचं पहिलं वाक्य पहिल्या परिच्छेदात घातलं, बाकीचं उत्तर शेवटच्या. जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात, आणि त्या वर्षांत संध्याकाळी गोळीबाराची बातमी येऊन जागा जवळपास रोजच कमी पडे. हे मला माहीत होतं. पहिलं वाक्य मथळ्यात जाईल, हेही माहीत होतं. तसंच झालं. मथळ्याचा अर्थ असा होता: बायबलची दोन बायकांना मनाई नाही, मंडळीच्या वडिलांचं मत.

गावाकडच्या वडीलधाऱ्यांनी ते कात्रण कुणाकडून तरी वाचून घेतलं. दोन आठवड्यांत चादर पडली. राणी ट्रंक घेऊन अंबाल्याला माहेरी गेली.

काकांनी माझ्याकडे टाइप केलेली मूळ प्रत तेवढी मागितली. ती वरून खालपर्यंत वाचली. "समदं बरोबर लिवलं व्हतं गं पोरानं," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले. शेवटचा परिच्छेद कापून त्यांनी कात्रणाखाली खळीने चिकटवला आणि संचारबंदी उठल्यावर तो कागद घेऊन अंबाल्याला गेले. राणीला त्यातला अर्थ हिंदीत समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "अंकलजी, अब तो चादर पड़ गई."

निवृत्त होऊन ते नगरला निघाले, तेव्हा मी स्टेशनवर गेलो होतो. खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"येक इचारू का? ते खालचं जरा वर का न्हाई घातलंस?"

"वर जागा नव्हती, काका."

"आसंल. तुमच्या धंद्यात जागेची लई वढाताण." त्यांनी काकूंनी बांधून दिलेल्या शिदोरीतल्या दोन भाकरी काढून माझ्या हातात ठेवल्या. गाडी हलली.

पुढच्या वर्षी ते गेल्याचं कळलं. त्या लेखात वर जागा होती.