टिप्याची दाढ आणि नानांचा डाग

“आजार डोळ्याचा नाही, दाढेचा आहे,” पेणच्या जनावरांच्या डॉक्टरांनी टिप्याचा ओठ वर करून दाखवलं. वरच्या मोठ्या दाढेची बाहेरची कपचीच उडाली होती. याला ते स्लॅब फ्रॅक्चर म्हणाले. कडक हाड चावताना असं होतं. आतला पल्प, म्हणजे दाढेचा जिवंत गाभा, उघडा पडून सडला होता. या दाढेची मुळं डोळ्याखालीच असतात. तिथे पू साठून गाल सुजला होता.

मग त्यांनी गालावरच्या भाजल्याच्या खुणेकडे बोट दाखवलं. “आणि हे काय?”



टिप्या माझ्या सासऱ्यांचा, नानांचा कुत्रा. कासूजवळच्या आमच्या घरी सासूबाई गेल्यापासून नाना मोकळेपणाने बोलत ते फक्त त्याच्याशी. तो एका बाजूने चावू लागला, भाकरी तोंडातून टाकू लागला, तेव्हा आम्ही म्हणालो, लाडोबाला मटणाची चटक लागली. गाल सुजल्यावर नानांनी ठरवलं, विंचूच चावला. नवरा धाटावच्या कारखान्यात शिफ्टला, मी शेतावर. नानांनी विळा तापवला आणि गालावर डाग दिला. बैलांची सूज ते जन्मभर अशीच उतरवत आले होते.

“मांडीवर डोकं ठेवून पडला व्हता. हलला पन नाय,” ते कौतुकाने सांगत होते. मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांना जेवायलाही वाढलं नाही. सूज वाढतच गेली. डोळा उघडेना, तेव्हा कुठे आम्ही पेणला आलो.

रूट कॅनाल, म्हणजे गाभा साफ करून दाढ वाचवणं, आता शक्य नव्हतं. दाढ काढायची होती. रक्त तपासलं, एक्स-रे काढला. बाकावर बसून मी नुसती दाराकडे बघत होते. नाना बसलेच नाहीत.

“दिसंल ना त्याला, डाक्टर?” त्यांनी विचारलं.

“आधी जीव वाचवू,” डॉक्टर म्हणाले.

भूल देऊन त्यांनी दाढेचे तीन तुकडे केले, एकेक मूळ सोडवलं, पू धुतला, हिरडी शिवली. टिप्या वाचला. डोळा गेला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमचा कुत्रा एका बाजूने चावत असेल, डोळ्याखाली सुजला असेल, तर घरचे इलाज करू नका. आधी त्याचं तोंड उघडून बघा आणि डॉक्टरांकडे न्या.

माझा राग आता उरलेला नाही. नाना रोज दूधभात कुस्करून आणतात. त्यांचा हात पुढे आला की टिप्या सरपटत मागे जातो. नाना ताटली खाली ठेवतात, लांब जातात आणि त्याचं खाऊन होईपर्यंत पाठ करून उभे राहतात.

“बघू नको त्याच्याकडं,” मलाही सांगतात, “खाऊ दे गो त्याला.”