वाफेश्वराच्या डोळ्यातला फुगवटा

भट्टीचं दार उघडलं की वाफेश्वर आंधळा व्हायचा. अगदी ठार. गरम वाफ भस्सकन चष्म्यावर यायची आणि पाव, ट्रे, भिंत, सगळं एका क्षणात गुडूप. मग हा गडी चष्मा काढून एप्रनला पुसणार. एप्रन पिठाने माखलेला. म्हणजे वाफ गेली आणि पीठ आलं! तोवर मागच्या रांगेतले पाव काळे पडायला लागलेले. चष्मा काढूनच काम करावं म्हटलं, तर नंबर उणे सहा. स्वतःच्या हातातला ट्रेसुद्धा अंदाजाने धरायचा.

वाफेश्वर हे नाव मेहुण्याने ठेवलं. बेकरी मेहुण्याची, भट्टी मेहुण्याची आणि सगळ्यात लांब जीभही मेहुण्याचीच, त्यामुळे नाव चिकटलं. एरवी माणूस कामाला वाघ होता. संध्याकाळी पीठ मळायला बसायचा, पहाटे शेवटचे पाव बाहेर काढायचा आणि लोक कामाला निघाले की हा घरी झोपायला. लग्नाआधीपासून हेच चाललेलं. त्या भट्टीवर त्याचा इतका जीव, की बायको म्हणायची, "माझी सवत लोखंडाची आहे, एवढंच बरं."

पण एके दिवशी वाफेच्या भरात त्याने अख्खा ट्रे मांडणीवर ठेवला, आणि ती मांडणी नव्हतीच. फरशी पुसायची बादली होती.

मेहुण्याने बादलीत तरंगणारे पाव पाहिले आणि हात जोडले. "दाजी, बास झालं. महिनाअखेरपर्यंत डोळे दुरुस्त करून घ्या. नाहीतर भट्टी दुसऱ्याला देतो आणि तुम्ही काउंटर सांभाळा."

काउंटर! काउंटरवर गोड बोलावं लागतं, आणि गोड बोलणं वाफेश्वरच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. लेन्स घालून पाहिल्या होत्या, पण बोट डोळ्याजवळ आलं की हा पठ्ठ्या चक्कर येऊन आडवा. आता उरलं लेझर.

दवाखान्यातल्या मशीनवर एक बाई होत्या, शांत, नीटनेटक्या. त्यांनी त्याची हनुवटी टेकवली, दोन्ही डोळे मोजले आणि कागद डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला.

"तुमचा कॉर्निया पातळ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो ना, तो. लेझर तोच थोडा तासतं. तुमच्या नंबरासाठी मला निदान पाचशे मायक्रॉन जाडी हवी. म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. तुमची आहे चारशे शहाऐंशी."

"असं कसं?" वाफेश्वर चक्रावला. "चष्म्याची काच एवढी जाड आणि डोळा पातळ?"

"काचेचा आणि त्याचा काही संबंध नाही हो. तुमचा डोळा मागेपुढे लांब आहे, म्हणून नंबर. पुढच्या पडद्याची जाडी ज्याची त्याची वेगळी. नाही म्हणण्याआधी मी एकदा परत मोजते. पुढच्या आठवड्यात या."

त्याने विचारलं, सकाळी लवकर आलो तर चालेल का? तेव्हा मशीनवरच्या बाई सहज बोलून गेल्या, "सकाळी नको. झोपेत डोळे मिटलेले असतात ना, पडदा जरासा फुगतो. उठल्यावर तास-दोन तासांनी उतरतो. म्हणून आम्ही अकराच्या आत मोजतच नाही. तुम्ही बाराला या."

वाफेश्वर बाराची वेळ लिहून घेऊन निघाला. घरी येईपर्यंत त्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला होता.

"अगं, बाराला मी काय करत असतो?"

"घोरत असता," बायको म्हणाली.

"मग? त्यांची सकाळ टळलेली असेल, पण माझी तर तेव्हाच होते! फक्त घरापासून मशीनपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. तू मला हाताला धरून ने."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"चौदा मायक्रॉनचा प्रश्न आहे गं!"

तिला तो प्रकार मुळीच पटला नव्हता. पण महिनाअखेर जवळ आली होती आणि नवरा रोज जेवता जेवता भट्टीच्या दिशेने बघत सुस्कारे टाकत होता. ती तयार झाली.

ठरल्या दिवशी तिने त्याला झोपेतूनच उठवलं, डोळे मिटलेलेच ठेवून अंगात शर्ट चढवला, पायात चपला अडकवल्या. सवयीने चष्माही लावला. जिन्यात शेजारीण भेटली.

"अगं बाई, काय झालं यांना?"

"काही नाही. झोपलेत."

चौकात तर कहर झाला. वाहतूक पोलिसाने बिचाऱ्या अंध माणसाला पाहून चारही बाजूंच्या गाड्या थांबवल्या आणि स्वतः त्याचा दुसरा हात धरला. वाफेश्वरला शरमेने घाम फुटला. "उघडू का?" तो पुटपुटला.

"आता उघडलेत तर मार खाल," बायको दातांवर दात धरून म्हणाली. "चला मुकाट्याने."

पलीकडे पोहोचल्यावर पोलीस तिला म्हणाला, "धन्य आहे ताई तुमची." ते मात्र खरंच होतं.

दवाखान्याच्या बाकावर हा महाभाग पुन्हा झोपला, चक्क घोरायला लागला. नंबर आला तशी बायकोने ढोसलं. हनुवटी टेकली, मशीनवरच्या बाई म्हणाल्या, "डोळे उघडा," आणि वाफेश्वरने त्या दिवशी पहिल्यांदा जग पाहिलं.

उजवा पाचशे तीन. डावा पाचशे चार.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. कपाळावर आठी आली. त्यांनी मशीनवरच्या बाईंना आत बोलावलं. "हे काय आहे? मागच्या वेळी कसं मोजलंत? मी या माणसाला परत पाठवणार होते! लक्ष कुठे असतं तुमचं?"

"मॅडम, मी नीटच..."

"नीट? सतरा मायक्रॉनचा फरक नीट?"

त्या बाईंचं तोंड एवढंसं झालं. डोळे भरून आले. वाफेश्वर खुर्चीत चुळबुळला. गप्प बसला की भट्टी त्याची होती. फक्त गप्प बसायचं होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"त्यांना बोलू नका," तो एकदम म्हणाला. "त्यांचं माप बरोबर होतं. आजचं खोटं आहे. मी आत्ताच उठलोय."

"म्हणजे?"

"मी बेकरीवाला आहे, रात्रपाळीचा. मिटल्या डोळ्यांनी आलोय, थेट अंथरुणातून. हा नुसता फुगवटा आहे, बाई. फुगलेल्या पिठाचं माप मी कधी खरं धरत नाही, तुम्हीही धरू नका."

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी यावर ऑपरेशन केलं असतं तर पडदा फार पातळ उरला असता. पुढे तो कमजोर होऊन बाहेर आला असता, तर कुठल्याही चष्म्याने नीट दिसलं नसतं." मग त्या मशीनवरच्या बाईंकडे वळल्या. "माझं चुकलं. आणि हो, यापुढे आधी विचारायचं, झोपून उठलात कधी."

त्याला बाहेर बसवलं, डोळे उघडे ठेवून. बायको शेजारी बसून राहिली. म्हणाली, "खोट्या मापाची मला फार भीती वाटत होती. पण भट्टीवाचून तुम्ही कसे जगाल, याची त्याहून जास्त वाटत होती. म्हणून हात धरला."

दोन तासांनी मोजलं. चारशे सत्याऐंशी. विषय संपला.

पहिल्या तारखेला वाफेश्वर काउंटरवर उभा राहिला. चष्मा लखलखीत, एप्रन कोरा, चेहरा सुतकी. पहिल्याच आजीबाईंनी विचारलं, "पाव कसा आहे हो आज?"

त्याने एक पाव उचलला, खालून टकटक केली. "कच्चा आहे. नका घेऊ."

मागच्याला सांगितलं, "हा कालचा." त्याच्या मागच्याने केकची चौकशी केली, तर म्हणाला, "मी असतो तर नसता घेतला." दुपारपर्यंत पाव शेल्फात तसेच आणि रस्ता मोकळा. आत नवा भट्टीवाला रडकुंडीला आलेला. मेहुण्याने दोन दिवस कळ काढली, तिसऱ्या दिवशी भट्टीवरचा एप्रन काढून दाजींच्या अंगावर फेकला.

"जा आत! जळके पाव परवडले, तुमचं खरं बोलणं नाही परवडत!"

वाफेश्वर धावत आत गेला आणि भट्टीचं दार उघडलं. काही म्हणजे काही दिसलं नाही, आणि गडी खूश झाला.