राणीछाप रुपयाला हात लावू नका!

नाणी जमवणाऱ्यांकडे नाण्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. सत्तरच्या दशकात सांगलीत आमचं टोळकं होतं, त्यात नाणी यथातथाच, किस्से मात्र पोतंभर!

टोळक्याचे पुढारी अण्णा, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांना वेड प्रूफ नाण्यांचं. राणी व्हिक्टोरियाच्या काळात टांकसाळीने खास आरशासारखी पाडलेली, बाजारात कधीच न फिरलेली नाणी. बोट लागलं की मातेरं! अण्णांकडे असला तांब्याचा एक पाव आणा होता. प्रूफ रुपया मिळाल्याशिवाय मरायचं नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

तो पाव आणा बघायचा तर आधी तोंडाला रुमाल बांधायचा. आमचे वकील एकदा वैतागले, "अण्णा, दर्शन आहे की ऑपरेशन?"

अण्णा हातमोजे घालून नाणं उचलायचे. काकू चहा ठेवताना म्हणाल्या, "आमचा बाळ्या झाला तेव्हा मात्र म्हणाले, मला नाही जमत धरायला!"

वकिलांनी एकदा साधा रुपया पावडरने घासघासून प्रूफ म्हणून पुढे केला. अण्णांनी भिंग लावलं.

"राणीचं नाक कुठंय?"

"वय झालं हो बाईंचं!"

तासगावचा शंकर बेदाण्याचा व्यापारी. हात लावायचा नाही हे त्याने फारच मनावर घेतलं. एस.टी.तून रुपया आणला तो बेदाण्याच्या डब्यात खुपसून! राणीच्या गालाला बेदाणे चिकटलेले, आणि हा छाती फुगवून सांगतोय, "आवं अण्णा, बोट बी लावलं न्हाई बघा!"

खरा माल सापडला तो साताऱ्याजवळच्या एका खेड्यात, सुभेदाराच्या म्हाताऱ्या बायकोकडे. आजेसासऱ्याला गोऱ्या साहेबाने मखमली डबीत दिलेला प्रूफ रुपया! वर जुनेपणाची काळपट निळी झाक. त्या झाकेवर तर अण्णा जीव टाकत. म्हातारी विकेना. अण्णा वर्षभर खेपा घालत राहिले. शेवटी तिलाच दया आली. "ऐतवारी या. इकणार न्हाई, तसाच दीन."

आम्ही गेलो. तिने पाटावर बसवलं आणि अण्णांच्या हातात रुपया ठेवला. लख्ख पांढरा!

"लय काळा पडला हुता. पावण्याला असा कसा द्यायचा? सकाळधरनं चिंच आन् राख लावून घासलाय!"

अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एरवी त्यांची टिंगल करणारे आम्ही, पण त्या दिवशी फार वाईट वाटलं.

म्हातारीला वाटलं, आनंदाने रडतायत. "आवं, रडताय कशापायी? ह्याचा जोडीदार बी हाय आत, काळाकुट्ट. बसा, त्यो बी घासून आणते!"

कुणाच्या स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकणारे आमचे अण्णा पाटावरून उठले आणि म्हातारीच्या आधी चुलीपाशी पोचले!