मी ओढलेला दोर

त्याच्या पायांबद्दल मी दवाखान्यात खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर बाकीचं सांगताना मी स्वतःला सांभाळून घेईन.

नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यात आमच्या ठेकेदाराचा पंप तराफ्यावरून बुडाला होता. देखरेखीला मी. बुडी मारणारा जवळच्याच पाड्यातला, तिशीचा. काठी गावच्या होळीत नवसानं कमरेला वाळके भोपळे बांधून न थकता नाचणारा. तोंडात हवेची नळी, कमरेला दोर, आणि तो नव्वद फूट खाली.

तिथल्या दाबाखाली हवा रक्तात मुरते. माणूस थांबत थांबत वर आला तर ती श्वासावाटे निघून जाते. झटक्यात आला तर तिचे बुडबुडे होतात आणि मणक्यातल्या नसा मारतात. एका जुन्या पाणबुड्यानं मला हे बजावून सांगितलं होतं.

तिसऱ्या बुडीत त्यानं पंपाला ट्रॅक्टरची साखळी अडकवली. ठेकेदार काठावरून माझ्यावर ओरडला, "काय करी ऱ्हायना तू? ट्रॅक्टरवाला निंघी ऱ्हायना!"

ट्रॅक्टर निघून जाईल म्हणून मी दोर न थांबता ओढला.

तो हसतच वर आला. थोड्या वेळानं म्हणाला, "पायात मुंग्या आल्या, साहेब."

"होळीला अजून महिना आहे. आत्ताच नाचायला लागले का पाय?" मी म्हणालो. सगळे हसले, तोही हसला. मग चढावर त्याचे गुडघे मुडपले, ते सरळ झालेच नाहीत.

अक्कलकुव्याला डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? ठेकेदार माझ्याकडे बघत होता.

"दगडावरून घसरला."

डॉक्टरांनी त्याला विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. दोन दिवस पाठीच्या मारावर उपचार चालले. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं पाण्यातल्या बुडीचं सांगितलं, तोवर उशीर झाला होता.

आता तो काठीवर चालतो. पाय थरथरतात, डावा तर फरफटतच येतो. पाड्यात म्हणतात, होळीचा नवस पाळताना काही चुकलं असेल. मी त्यांना तसं म्हणू दिलं.

यंदा होळीआधी त्याच्या घरी गेलो. दारात बसून तो धाकट्या भावासाठी भोपळे ओवत होता.

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "दोर मी घाईनं ओढला."

"माझ्याच कमरेला होता, साहेब. मला नाही कळणार?"

"मग दवाखान्यात मान का हलवलीस?"

"तू शिकेल-सवरेल माणूस. मला वाटलं, नीट औषध मिळावं म्हणूनच तसं बोलत असशील."

त्यानं गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि पुढचा भोपळा घेतला. मला बस म्हणाला नाही.