ताईचा परवलीचा शब्द

यवतमाळहून पुण्यात नोकरीला आलो तेव्हा ऑफिसात मला जिच्या शेजारची खुर्ची मिळाली तिला मी ताई म्हणू लागलो. ती माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, कसबा पेठेत वाढलेली, लग्न होऊन वारज्याला गेलेली. आमचं काम सांगायला सोपं होतं. औषध कंपन्या, त्यांचे वितरक, हॉस्पिटलं यांच्यात रोज फायलींची देवाणघेवाण चाले. कोणी काय मागवलं, काय निघालं, काय परत आलं. मधे आमचं सॉफ्टवेअर. ते एकाच्या सर्व्हरवरून फाईल उचलायचं आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर सुरक्षित नेऊन ठेवायचं. त्यासाठी प्रत्येकाशी वेगळं कनेक्शन बांधावं लागे. सर्व्हरचा पत्ता आणि युजरनेम भरलं की उरायची ती 'की', म्हणजे किल्लीचं काम करणारी फाईल. तिचे दोन भाग. एक समोरच्याला द्यायचा, दुसरा आपल्याकडे ठेवायचा, आणि आपला भाग परवलीच्या शब्दाने बंद करायचा.

हे सगळं ताईनेच शिकवलं. मी म्हणायचो, "ताई, करून राहिलो ना मी." ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायची, "राहू नकोस. कर."

नव्या सर्व्हरशी पहिल्यांदा जोडताना त्याच्या ओळखीची लांबलचक अक्षरं दिसतात आणि सॉफ्टवेअर विचारतं, याच्यावर विश्वास ठेवायचा का? मी सुरुवातीला सरळ 'हो' दाबायला गेलो तर तिने माझा माऊसच बाजूला सरकवला. "तिथे मुलगी द्यायची नाहीये, कबूल. तरी चौकशी करावी माणसाने." मग समोरच्या माणसाला फोन लावून तिने ती अक्षरं एकेक करून वाचून घेतली.

गणपती उठल्यावर ताईला ताप आला. डेंग्यू निघाला. आधी ती घरून काम करत राहिली, मग फोन उचलेनाशी झाली. त्याच सुमारास आमच्या साहेबांनी जुनं मशीन बंद करून सगळी कनेक्शनं नव्यावर न्यायचं ठरवलं होतं. ती बहुतेक ताईनेच बांधलेली, आणि सगळीकडे तिने केलेली एकच की. परवलीचा शब्द जुन्या मशीनला माहीत होता, पण ते तो कोणाला दाखवत नव्हतं. त्या रकान्यात नुसते काळे ठिपके दिसत. नव्या मशीनवर मात्र तो शब्द पुन्हा टाकावा लागणार होता.

मी प्लेटलेट्स द्यायला हॉस्पिटलात गेलो. देऊन आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलो होतो. शेजारी ताईचा नवरा. ते एका शाळेत चित्रकला शिकवायचे. हातात शहाळ्याची पिशवी घेऊन बसलेले, ती कोणाला द्यायची तेच त्यांना उमगत नसावं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"तिथेच आहेस ना? ती बोलायला लागली की तो शब्द तेवढा विचारून घे."

मी उठून जिन्याकडे गेलो. "साहेब, प्लेटलेट्स फार उतरल्यात त्यांच्या."

"म्हणूनच म्हणतोय."

मी फोन बंद केला. ताईला विचारायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. वैकुंठ स्मशानभूमीत ऑफिसातले आम्ही सगळे एका बाजूला घोळका करून उभे होतो. साहेबही आले होते. डोळे पुसत होते आणि ते खोटं नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

तेरावं झाल्यावर साहेबांनी मला वारज्याला पाठवलं. "लॅपटॉप घेऊन ये. आणि तिच्या मिस्टरांना काही माहीत असेल तर बघ. नसेल तर नसेल." मी ताईच्या कीची फाईल माझ्या लॅपटॉपवर घेऊन गेलो.

दार ताईच्या नवऱ्याने उघडलं. त्यांना मी सर म्हणायचो. चहा त्यांनीच केला. साखर घालायची राहिली होती. मी तसाच प्यायलो. मी कशाला आलोय ते सांगितलं तसे ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. त्यांना ते काम वाटलंच नाही बहुतेक.

"म्हणजे तिने एखादा शब्द मनाशी ठरवला असेल?"

"हो. आठवणीत राहील असा."

त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. मी टाइप केलं. चुकलं. त्यांच्या नावापुढे लग्नाचं वर्ष. चुकलं. मुलीचं नाव, तिचं घरातलं लाडाचं नाव, ताईच्या माहेरच्या गल्लीचं नाव. प्रत्येक वेळी ते वाकून स्क्रीनकडे बघत आणि चुकल्याची तीच लाल अक्षरं उमटत. मग त्यांनी माझा रिकामा कप आत नेऊन ठेवला आणि परत येऊन बसले. बाहेर हायवेवरची वाहनं ऐकू येत होती.

"आम्ही एक मूल गमावलं होतं," ते म्हणाले. "मुलीच्या आधी. नाव ठेवलं नव्हतं. पण आम्ही आपसात हाक मारायचो." ते नाव त्यांनी उच्चारलं. माझी बोटं कीबोर्डवर होती, पण टाइप करवेना.

"थांबा," त्यांनीच माझ्या मनगटावर हात ठेवला. "नका टाकू. ते असलं तरी मला सोसणार नाही, आणि नसलं तरी."

मी लॅपटॉप मिटला.

ऑफिसात साहेबांना सांगितलं की शब्द मिळाला नाही. ते म्हणाले, "मग नव्या की कर, दुसरं काय." म्हणजे हा रस्ता पहिल्यापासून होता. फक्त त्यात वेळ जाणार होता आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडे विनंती करावी लागणार होती, एवढंच.

मी नव्या की केल्या आणि एकेकाला फोन लावत गेलो. बऱ्याच जणांना बातमी कळलेली नव्हती. कोल्हापूरकडच्या एका वितरकाचे म्हातारे सिस्टीमवाले म्हणाले, "अहो, मॅडमना द्या की फोन. त्या बरोबर सांगतात."

"मॅडम गेल्या," मी म्हणालो.

"कुठल्या कंपनीत?"

मला परत सांगावं लागलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "घ्या, लिहून घ्या," आणि सर्व्हरच्या ओळखीची अक्षरं वाचू लागले. मधेच अडखळले. सॉरी म्हणाले, आणि पहिल्यापासून पुन्हा वाचली. मी एकेक अक्षर जुळवत गेलो. सगळी जुळली. फाईल गेली.

असं करत एकेक कनेक्शन नव्या मशीनवर आलं. शेवटी जुनं मशीन बंद केलं. साहेबांनी मेलवर सगळ्या टीमचे आभार मानले. ताईचा उल्लेख नव्हता. शेजारच्या खुर्चीवर महिन्याभराने दुसरं कोणी आलं.

थंडीत वारज्याच्या भाजीबाजारात मला सर दिसले. मेथीच्या जुड्यांपुढे उभे होते. मला बघून ओळखीचं हसले.

"यातली चांगली कुठली हो?" त्यांनी विचारलं. "मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही जून आणता."

मलाही कळत नव्हतं. आम्ही दोघं एकेक जुडी उचलून बघत राहिलो, मग भाजीवाली वैतागली आणि तिनेच एक त्यांच्या पिशवीत टाकली.